ईना, मीना आणि गोव्याचा एक माणूस

लग्नसराईतली संध्याकाळ. जबलपूरच्या ओमती भागात, घंटाघराजवळ रहदारी खोळंबली की समजावे, वरात येते आहे. दोन्ही बाजूंना दिव्यांची झुंबरे डोक्यावर तोलत चालणारी माणसे, मधे झगमगीत गणवेशातला ब्रासबँड आणि सर्वांत मागे घोड्यावर अवघडून बसलेला नवरदेव. ठरलेली गाणी वाजवून होतात, नाचणारी मंडळी घामाघूम होऊन रुमाल शोधू लागतात. अशा वेळी बँडमास्तर पोतडीतून एखादी हमखास चीज काढतो. ट्रम्पेट दोनदा खाकरल्यासारखे वाजते आणि ‘ईना मीना डीका’ची धून सुरू होते. दमलेले पाय पुन्हा उचलले जातात. गॅलरीत उभ्या असलेल्या आजीबाई चेहरा गंभीर ठेवतात, पण त्यांची बोटे कठड्यावर ताल धरतात.

गंमत अशी की बँडच्या वरातीत गाणारा नसला तरी या गाण्याचे काही अडत नाही. शब्द गाळले तर दुसरे एखादे गाणे अर्धे होते. हे होत नाही, कारण त्याच्या मुखड्याला अर्थ असा नाहीच. १९५७ साली ‘आशा’ या चित्रपटातून आलेले हे गाणे हिंदुस्थानी रॉक अँड रोलच्या अगदी सुरुवातीच्या गाण्यांपैकी एक मानले जाते, आणि ते एका मराठी माणसाने बांधले. संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर.

ओमतीतल्या मराठी घरांना १९५७ हे साल आणखी एका कारणाने आठवावे असे आहे. त्याच्या आदल्या वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्यांची फेररचना झाली. तोवर जबलपूर जुन्या मध्य प्रदेशात होते आणि राजधानी नागपूर होती. कचेरीचा कागद नागपूरला जायचा, मुलीचे स्थळ नागपूरला पाहिले जायचे, मराठी वर्तमानपत्र नागपूरहून यायचे. त्या दिवसापासून जबलपूरची राजधानी भोपाळ झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपुरात आले. घरात मराठी, दारात हिंदी हे तर आधीपासूनच होते. आता सरकारदरबारही पुरता हिंदी झाला. असे असताना घरच्या रेडिओवर हिंदी सिनेमातले एक गाणे लागते आणि त्याची चाल पुणतांब्याच्या चितळकरांची, एक आवाज सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांचा आणि दुसरा आवाज याच नव्या राज्यातल्या खांडव्याच्या किशोरकुमारांचा निघतो, हा योग काही वाईट नव्हता.

रेडिओवर लागते, पण कोणत्या? आकाशवाणीवर तेव्हा चित्रपटगीतांना फारसा थारा नव्हता. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बा. वि. केसकर हेही मराठीच. शास्त्रीय संगीतावर त्यांची निस्सीम भक्ती होती, आणि सिनेमाच्या गाण्यांत होणारी पाश्चात्त्य वाद्यांची व चालींची भेसळ त्यांना मुळीच खपत नसे. निर्मात्यांशी वाद झाला, आणि सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ दिसेनाशी झाली. श्रोत्यांनी काय करावे? त्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले. १९५२ च्या डिसेंबरात अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ तिथे सुरू झाली आणि बुधवारची रात्र ठरून गेली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीला ‘विविध भारती’ काढावी लागली. म्हणजे ज्या वर्षी ‘ईना मीना’ आले त्याच वर्षी सरकारी रेडिओचे दार सिनेमाच्या गाण्याला पुन्हा उघडले. एका मराठी माणसाने जे दाराबाहेर ठेवायचे ठरवले होते, तेच दुसऱ्या मराठी माणसाने मुलाबाळांच्या ओठांवर नेऊन ठेवले. केसकरांची चेष्टा करणे सोपे आहे. त्यांच्यामुळे आकाशवाणीवर मोठमोठ्या गवयांना हक्काची जागा मिळाली हेही खरे. पण ऐकणाऱ्याचे पाय कशाने हलावेत हे मंत्रालयात बसून ठरवता येत नाही.

हा रॉक अँड रोल नावाचा प्रकार मुळात होता काय? जगभर ज्या गाण्याने त्याची ओळख झाली ते ‘रॉक अराउंड द क्लॉक’. बिल हेली आणि त्यांच्या ‘कॉमेट्स’ या वाद्यवृंदाने ते १२ एप्रिल १९५४ ला न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित केले. त्या दिवशी मंडळींना स्टुडिओत पोचायलाच उशीर झाला होता. त्यातही बराच वेळ दुसऱ्याच गाण्यावर गेला, कारण तबकडीची मुख्य बाजू त्या गाण्यासाठी होती. आज जगाला ठाऊक असलेले गाणे उरल्यासुरल्या वेळात, दोनदा गाऊन, मागच्या बाजूसाठी उरकले गेले. तबकडी बाजारात आली आणि बेताचीच खपली. पुढच्या वर्षी ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ या चित्रपटाच्या सुरुवातीला ते वाजले आणि जुलै १९५५ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. इंग्लंडात १९५६ साली याच नावाचा चित्रपट लागला तेव्हा तरुण पोरे थिएटरच्या वाटेत नाचू लागली आणि पोलिसांना बोलवावे लागले.

त्या आवाजात असे काय होते, ते आपल्याकडच्या तालाच्या भाषेत सांगितले तर लवकर पटते. आपण आरतीला टाळी कुठे देतो? पहिल्या मात्रेवर. सम म्हणजे घर, टाळी घरात पडली पाहिजे, हे मराठी मुलाला न शिकवता येते. रॉक अँड रोलमध्येही चारच मात्रा आहेत, पण वजन पडते दुसरीवर आणि चौथीवर. टाळी घराबाहेर, अंगणात पडते. आरती म्हणणाऱ्या एखाद्या घोळक्यात एकाने दुसऱ्या मात्रेवर टाळी द्यायला सुरुवात करून पाहावी. दोन मिनिटांत सगळ्यांना हसू फुटेल आणि लहान मुले उड्या मारू लागतील. शरीर पहिल्या मात्रेवर खाली जाते आणि टाळी त्याला लगेच वर ओढते, म्हणून पाय स्थिर राहत नाही. हेलींच्या गाण्यात ही ओढ ढोलावर आहेच, शिवाय उभ्या मोठ्या बास व्हायोलिनच्या तारा बोटांनी ओढून पट्टीवर चापट्या मारल्यासारख्या वाजवल्या आहेत. चाल बारा मात्राखंडांच्या आवर्तनात फिरते. हे आवर्तन हेलींनी शोधलेले नव्हे. ते अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ‘ब्लूज’ गाण्याचे. हेलींच्या गाण्याचे निर्माते मिल्ट गेब्लर यांनी त्याआधी लुई जॉर्डन या कृष्णवर्णीय गायकाच्या तबकड्या काढल्या होत्या आणि तो उसळता ठेका त्यांच्या कानात मुरलेला होता. नाव झाले ते मात्र गोऱ्या हेलींचे.

त्याच गाण्यात मध्यावर गिटारचा एक तुकडा आहे, वीज कडाडून जावी तसा. तो वाजवणारे डॅनी सेड्रोन हे कॉमेट्सपैकी कायमचे नव्हते, रोजंदारीवर आलेले होते. त्या दिवसाचे त्यांना मिळाले २१ डॉलर. दोन महिन्यांनी, जून १९५४ मध्ये, जिन्यावरून पडून ते वारले. आपण वाजवलेला तुकडा जगभरची पोरे घरी बसून गिरवणार आहेत याची त्यांना कल्पनाही नव्हती.

सेड्रोन यांची ही हकिगत इथे सांगायला कारण आहे. मुंबईत तेव्हा असे सेड्रोन डझनांनी होते आणि त्यांपैकी बहुतेक गोव्याचे होते.

सी. रामचंद्र हे पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखाली शिकलेले. सूर-ताल पक्का, हार्मोनियमवर बोटे फिरती, डोक्यात चाली उसळत असलेल्या. पण विलायती वाद्यांचा ताफा जमवून कोणी काय वाजवायचे ते कागदावर उतरवणे हे काम निराळे. त्याला पाश्चात्त्य स्वरलिपी लागते. ती येत होती गोवेकरांना. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. त्या शिदोरीवर पोरे पोटासाठी मुंबईला येत, रात्री हॉटेलांत नाचाच्या बँडमध्ये वाजवीत आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. संगीतकार चाल गुणगुणे, गोवेकर ती टिपून घेई आणि तिच्याभोवती ट्रम्पेट, सॅक्सोफोन, गिटार, व्हायोलिन यांची वीण घाली. पडद्यावर नाव येई संगीतकाराचे. गोवेकराचे आले तर सहायक म्हणून, नाही तर नाहीच.

आल्डोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांतले एक. ‘चिक चॉकलेट’ या नावाने त्यांचे ट्रम्पेट मुंबईत गाजत होते. ते सी. रामचंद्रांचे सहायक होते आणि भगवानदादांच्या ‘अलबेला’त (१९५१) आपल्या बँडसह पडद्यावर दिसतातही. दुसरे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात गुरूचे नाव घातले, म्हणून ते सर्वांच्या तोंडी झाले. गाणे गाणाऱ्या करोडोंपैकी फार थोड्यांना ठाऊक होते की या नावाचा खराच कोणी माणूस आहे आणि तो व्हायोलिन वाजवतो.

सी. रामचंद्रांची विलायती ढंगाशी मैत्री ‘आशा’पासूनची नव्हे. आणि इथे जबलपूरकरांनी जरा कॉलर ताठ करायला हरकत नाही. १९४७ च्या ‘शहनाई’तले ‘आना मेरी जान संडे के संडे’ हे गाणे ज्यांनी लिहिले आणि तो चित्रपट ज्यांनी दिग्दर्शित केला ते प्यारेलाल संतोषी मूळचे जबलपूरचे. याच जोडीने पुढे ‘खिडकी’ केला, ‘सरगम’ केला, आणि १९५२ मध्ये ज्या चित्रपटाचे नाव उच्चारताना जीभ अडखळते तो ‘शिन शिनाकी बूबला बू’सुद्धा केला. अर्थाला सुट्टी देऊन शब्दांना नाचायला लावण्याची खोड सी. रामचंद्रांना होतीच, आणि तिचा एक भागीदार जबलपूरचा होता. १९५० च्या ‘समाधी’तले ‘गोरे गोरे’ हे तर ‘डॉल फेस’ नावाच्या अमेरिकी चित्रपटातल्या एका लॅटिन ढंगाच्या गाण्यावरून उचललेले. ते उचललेले आहे हे लपवण्यात अर्थ नाही. मात्र उचललेल्या चालीलाही त्यांनी असे कपडे चढवले की ती घरचीच वाटावी.

‘ईना मीना’चे तसे नाही. त्याच्या जन्माची गोष्ट प्रसिद्ध आहे. सी. रामचंद्रांच्या संगीताच्या खोलीबाहेर मुले खेळत होती. कोणावर राज्य हे ठरवायला ती इंग्रजी बालगाण्यातले ते ‘ईनी मीनी’ म्हणून सुटत होती. मुलांच्या ओरड्याने काम अडायचे, ते उलट सुरू झाले. सी. रामचंद्रांनी आणि त्यांचे सहायक जॉन गोम्स यांनी तोच धागा धरून निरर्थक शब्दांची माळ ओवायला घेतली. गोम्स गोव्याचे. त्यांनी त्या माळेत टाकले ‘माका नाका’. ऐकणाऱ्या सगळ्या देशाला ते ईना-मीनासारखेच बिनअर्थाचे वाटले. पण कोकणीत त्याचा सरळ अर्थ आहे, ‘मला नको’. सावंतवाडीपासून काणकोणापर्यंत जेवणाच्या पानावर रोज ऐकू येणारे शब्द! राजेंद्र कृष्ण यांनी बाकीचे गीत लिहिले, एम. व्ही. रामन यांनी चित्रपट केला, किशोरकुमार आणि वैजयंतीमाला पडद्यावर नाचले, आणि ज्या गोवेकरांनी हिंदी सिनेमाला हा आवाज दिला त्यांच्यापैकी एकाची सही, कोणाला न कळता, गाण्याच्या मुखड्यात राहून गेली. श्रेयनामावलीच्या पाट्यांवर कोणाला किती जागा द्यायची हे निर्माते ठरवीत. मुखड्यातला हा शब्द काढून टाकणे मात्र कोणाच्या हाती नव्हते.

गाणे दोनदा आहे, एकदा किशोरकुमारांच्या आवाजात, एकदा आशा भोसले यांच्या. लोकांच्या मनात बसले ते किशोरकुमारांचे. त्यांनी गाण्याची रीतसर तालीम घेतलेली नव्हती, आणि इथे नेमके तेच कामी आले. शिकलेला गळा निरर्थक अक्षरालाही नीट स्वरात बसवतो. किशोरकुमार ते फेकतात, झेलतात, मधेच गिळतात, वाद्यांशी भांडल्यासारखे गातात. प्रत्येक शब्दाच्या सुरुवातीचा व्यंजनाचा टोला ढोलावरच्या काठीसारखा पडतो. ‘ड’, ‘क’, ‘प’, ‘र’ ही अक्षरे इथे अर्थासाठी नाहीत, ती वाद्ये आहेत. आशाबाईंच्या गाण्यात हा धुडगूस नाही. तिथे नजाकत अधिक आहे, खट्याळपणा ओठांच्या कोपऱ्यात आहे. दोन्ही लागोपाठ ऐकली तर एकाच चालीत केवढी जागा आहे ते कळते.

त्या काळी वडीलधाऱ्यांनी या गाण्याला ‘थिल्लर’ म्हटले, आणि घरोघरी म्हटले. ज्याला अर्थ नाही ते गाणे कसले, हा त्यांचा आक्षेप. यावर उत्तर त्यांच्याच बैठकीत होते. विनायकबुवा पटवर्धन ज्या तराण्यांसाठी नावाजलेले होते त्या तराण्यात काय असते? नोम, तोम, तदियन, दीम. अर्थ विचारायला कोणी उठत नाही. द्रुत लयीत अक्षरे लयीशी खेळू लागली की बुजुर्गांच्याही माना डोलतात. त्याच बुवांच्या शिष्याने सॅक्सोफोन समोर घेऊन अक्षरांचा खेळ केला तर तो एकदम थिल्लर कसा ठरतो? तराणा आणि ‘ईना मीना’ एका तोलाचे आहेत असे कोणी म्हणणार नाही. तराण्यामागे रागाची सारी शिस्त उभी असते, इथे तीन मिनिटांची मौज आहे. पण अर्थाशिवाय गाणे होत नाही हा मुद्दा तरी मराठी बैठकीने काढू नये. आपले ‘आपडी-थापडी’ खेळताना तरी कोणते बाळ अर्थ विचारते?

आणि थिल्लर म्हणावे तर माणूसही हाताला लागत नाही. ‘अनारकली’ची (१९५३) विरहगीते याच सी. रामचंद्रांची. गदिमांच्या ‘गीतगोपाल’चे संगीत यांचेच. मराठी ‘घरकुल’ (१९७०) यांचाच. २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये लतादीदींनी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ गायले आणि पंडित नेहरूंचे डोळे पाणावले, ती चालही यांचीच. ‘ईना मीना’ आणि त्या गाण्यात सहा वर्षांचे अंतर आहे. चीनच्या युद्धात पडलेल्या जवानांसाठी देशाला रडवणारा आणि त्याआधी पोराटोरांना नाचवणारा माणूस एकच. त्यांनी ‘माझ्या जीवनाची सरगम’ या नावाने आत्मचरित्र लिहिले, आणि ५ जानेवारी १९८२ ला ते गेले.

ओमतीतल्या वरातीला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नाही. जबलपूर हे पहिल्यापासून छावणीचे गाव. गोऱ्या पलटणींचे बँड गेले, त्यांची पितळी वाद्ये आणि झालर लावलेले गणवेश वरातीत आले. मुंबईच्या स्टुडिओत गोवेकराने कागदावर लिहिलेली ट्रम्पेटची जागा इथला वादक कानाने उचलतो. त्याला स्वरलिपी लागत नाही. किशोरकुमार जिथे शब्द गिळतात तिथे क्लॅरिनेटवाला सूर मुद्दाम घसरवतो, आणि नाचणाऱ्यांपैकी एखादा दोन बोटे तोंडात घालून शिट्टी मारतो. मुखडा फिरून आला की ‘माका नाका’ची जागा ट्रम्पेटवर वाजते. तिथे दोन अक्षरी दोन टोले बरोबर पडावे लागतात. एखादा नवशिका पोरगा ते चुकवतो आणि बँडमास्तर वाजवता वाजवताच त्याच्याकडे डोळे वटारतो.

वरात करमचंद चौकाकडे वळते. मोठ्या ढोलावर बँडचे नाव, मालकाचे नाव आणि टेलिफोनचा आकडा ठळक अक्षरांत रंगवलेला असतो, आणि दिव्यांच्या उजेडात तो लांबूनही वाचता येतो. ट्रम्पेट वाजवणाऱ्याचे नाव त्यावर नसते.